हजार वॅट-तासांचे पॉवर स्टेशन आणि विजेचे बिल

पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेटवर भरून ठेवायची आणि वीज गेल्यावर घरातली उपकरणे चालवणारी मोठी बॅटरी-पेटी, किती तास पुरते, हे घेण्यापूर्वी सगळेच विचारतात. ते स्वतः किती वीज खाते, हे सहसा कोणी विचारत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असलेले १०२४ वॅट-तासांचे हे यंत्र मी मुख्यतः याच कसोटीवर तपासले.

कागदावरचा हिशेब सोपा आहे. १००० वॅट-तास म्हणजे १ युनिट, तेव्हा रिकामी बॅटरी भरायला १ युनिटाहून किंचित जास्त वीज लागावी. सॉकेटमध्ये वीजमापक लावून पाहिले तेव्हा मात्र आकडा १.२ युनिट आला, कारण सॉकेटमधल्या एसी विजेचे बॅटरीला लागणारे डीसी करताना काही वीज उष्णतेत जाते आणि यंत्राचा पंखाही त्याच विजेवर फिरतो. बॅटरीतून पुन्हा एसी घेताना उपकरणांपर्यंत ०.८७ युनिटच पोहोचली. म्हणजे वापरलेल्या एका युनिटामागे बिलात जवळजवळ १.४ युनिट धरावे लागतात. अशा यंत्रांच्या मानाने ही गळती गैर म्हणता येणार नाही. फक्त पडद्यावरचे इनपुटचे वॅट मापकापेक्षा कमी दिसतात, त्यांवर हिशेब बेतू नये.

खरी मेख आहे ती यंत्र प्लगला कायम जोडून ठेवण्यात. बॅटरी भरलेली आणि पुढे एकही उपकरण चालू नसतानाही मापकावर सुमारे १० वॅट दिसत राहतात. आकडा किरकोळ वाटतो, पण ३० दिवसांत त्याचे ७.२ युनिट होतात. एवढ्या विजेत बॅटरी सहा वेळा पूर्ण भरली असती. माहितीपुस्तिकेत या खर्चाचा उल्लेख नाही, आणि काही वेळाने एसी आउटपुट आपोआप बंद करण्याची सोय ॲपमध्ये तीन मेनू उघडल्यावर सापडते, हे मला खटकले.

१० वॅटचा राउटर चालवायचा असेल, तर एसी सॉकेट टाळावे. एसी आउटपुटच्या बटणावरचा हिरवा दिवा लागला की इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या डीसीचे एसी करणारा यंत्रातला भाग, स्वतःच साधारण १२ वॅट घेऊ लागतो, म्हणजे राउटरपेक्षा त्याचाच खर्च जास्त. तोच राउटर १२ व्होल्टच्या डीसी आउटपुटवर लावला, तर बॅटरी जवळपास दुप्पट वेळ टिकते. अर्थात राउटरचे व्होल्टेज आणि पिन जुळते का, हे आधी पाहावे.

रात्रीच्या स्वस्त दरात बॅटरी भरून दिवसा वापरायची, हा बेत अनेकांच्या मनात असतो. वरच्या गळतीमुळे रात्रीचा दर दिवसापेक्षा निदान २८ टक्क्यांनी कमी असेल, तरच त्यात फायद्याची सुरुवात होते. शिवाय बॅटरीची झीज आहेच. भरण्या-रिकामे होण्याची ३००० आवर्तने धरली आणि प्रत्येक वेळी पूर्ण ०.८७ युनिट मिळाली असे मानले, तरी आयुष्यभरात हाती येतात सुमारे २६०० युनिट. खरेदीच्या किमतीला या आकड्याने भागून पाहिल्यास बिल वाचवण्यासाठी हे यंत्र घ्यावे का, याचे उत्तर लगेच मिळते. माझ्या मते घेऊ नये. वीज गेल्यावरची सोय म्हणून मात्र ते चोख काम करते, आणि त्यासाठी ते अर्ध्याहून थोडे अधिक भरून, प्लग काढून, पूर्ण बंद करून ठेवावे व दर तीन महिन्यांनी चार्ज तपासावा.