स्कूलबसला बेल्ट हवेत का? आधी गाडी कोणती ते बघा

शाळेच्या परिवहन समितीत पालक म्हणून नाव गेलंय आणि समोर नवीन बसचं कोटेशन आहे, मग बेल्टचा विषय निघतोच. अर्धे म्हणतात जिवापेक्षा पैसा मोठा आहे का, अर्धे म्हणतात पोरं बकल फिरवून एकमेकांची डोकी फोडतील. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

व्हॅनचं आधी उरकून टाकू, कारण तिथे वादच नाही. गाडी हलकी, धडकेचा सगळा दणका आत बसलेल्या पोरांवर, त्यामुळे प्रत्येकाला सीट आणि प्रत्येक सीटला बेल्ट पाहिजेच. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट लागतो हे २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हा सगळ्यांनी मान्य केलं, आणि तरी गॅसच्या टाकीवर फळी टाकून चार पोरं बसवणाऱ्या व्हॅनवाल्या काकांना आपण महिन्याच्या महिन्याला पैसे देतो. असो. मिनीबसलाही हाच न्याय, अमेरिकेत साधारण साडेचार टनांपर्यंतच्या स्कूलबसला बेल्ट सक्तीचेच आहेत.

खरी गंमत मोठ्या बसची. अमेरिकेत १९७७ पासून मोठ्या स्कूलबसला उंच पाठीच्या, जाड फोमच्या, जवळजवळ लावलेल्या सीट असतात, म्हणजे पोरं अंड्याच्या ट्रेसारखी आपापल्या खाच्यात राहतात. समोरून किंवा मागून धडक बसली तर हे बऱ्यापैकी काम करतं, आणि बस जड न् उंच असल्यामुळे कारएवढा झटका आत पोचतही नाही. पण बाजूने ठोकर बसली किंवा बस उलटली की तो खाचा काही धरून ठेवत नाही. २०१६ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगात बस झाडावर आदळली, सहा मुलं गेली, बसमध्ये मुलांना बेल्ट नव्हते. २०१८ मध्ये तिथल्या अपघात तपास मंडळाने नवीन मोठ्या बसमध्ये खांद्यावरून येणारे बेल्ट लावा अशी शिफारस केली. देशभर सक्ती मात्र नाही, काही राज्यांनी आपापले कायदे केलेत.

आता आपल्याकडच्या बऱ्याच बसमध्ये ती उंच पाठ आणि फोमही नसतो, पुढच्या सीटचा लोखंडी दांडा बरोबर पोराच्या तोंडासमोर! मग बेल्टशिवाय चालतं हा अमेरिकेचा दाखला आपण कुठल्या तोंडाने द्यायचा?

म्हणून माझं मत, नवीन बस घेताय तर कंपनीतूनच तीन पॉइंटचे, म्हणजे कंबर आणि खांदा दोन्ही धरणारे बेल्ट घ्या. फक्त कमरेचा पट्टा असेल तर झटक्यात धड पुढे जातं, डोकं दांड्यावर आणि सगळा ताण पोटावर. आणि जुन्या बसला गॅरेजवाला स्वस्तात बसवून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, कारण बेल्ट धरला तरी सीट चार बोल्टवर उभी असते, ताण आला की सीटच उखडून येणार. आगीत पोरं अडकतील ही भीती मला तरी पटत नाही, बेल्ट नसल्याने डोकं आपटून बेशुद्ध पडलेलं पोर तसंही बाहेर येत नाही.

बेल्ट लावून घेणारं कोणीतरी हवं मात्र, पहिलीतलं पोर बटण दाबून लगेच उभं राहतं. आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी बसमधल्या मावशींचा पगार, कारण चढता-उतरताना आणि बस रिव्हर्स घेताना पोरगं कुठे आहे हे बघायला दुसरं कोणी नसतं.