बागेतल्या बुरशीसाठी १०एक्स (दहापट मोठं दाखवणारं) घडीचं भिंग: घ्यावं का?

घ्यावंच, पण काचेचं. प्लॅस्टिकच्या भिंगात कडेला रंगीत झालर दिसते आणि करड्या बुरशीचा रंग फसवतो. ६०एक्सच्या मोहात पडू नका. हात जरा हलला की ठिपका गायब.

भिंग डोळ्याला टेकवा आणि पान अडीच सेंटिमीटरपर्यंत जवळ आणा. उजेड बाजूने, तिरका हवा. दिवा समोरून मारला तर बुरशीचे तंतू दिसतच नाहीत. द्राक्षाचं पान सकाळी दव असताना उलटं करा. वर तेलकट पिवळा डाग आणि त्याच्याच खाली पांढरा कापूस, हा केवडा रोग. पिठासारखा थर बोटाने पुसला जात असेल तर भुरी रोग. आंब्याची काजळी, म्हणजे पानावरची काळी बुरशी, हीही पुसली जाते, पण ती तुडतुडे या रस शोषणाऱ्या किड्यांच्या चिकट स्रावावर वाढते; तिथे आधी तुडतुडे आवरा. गुलाबाच्या काळ्या डागाची कड पिसासारखी फाटलेली दिसते.

मर्यादा मोठी आहे: डाळिंबाचा तेल्या रोग जिवाणूजन्य, त्यावर बुरशीची वाढ सापडणारच नाही. शंका असेल तर ताजा डाग ओल्या कागदासोबत पिशवीत २४ ते ४८ तास ठेवून पुन्हा बघा. जुना, वाळका डाग घेऊ नका, त्यावर कुठलीही बुरशी येते.