सॉकनी एंडॉर्फिन स्पीड ४ : सरावालाही, शर्यतीलाही

तळाच्या फोममध्ये कार्बनऐवजी नायलॉनची प्लेट, हीच या धावायच्या बुटाची खरी गंमत. ती तेवढी ताठ नसते, त्यामुळे टेम्पो (सलग वेगात धावणं), इंटरव्हल (वेगात धावणं आणि विसावा आलटून पालटून) आणि हाफ मॅरेथॉन एकाच जोडीवर निभावतं. तळाची जाडी टाचेखाली ३६ मिमी, पुढे २८. म्हणजे ड्रॉप, दोन्हीतला फरक, ८.

माप संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, धावायचेच मोजे घालून बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवीच, नाहीतर उतारावर नख काळं पडतं. टाच सरकत असेल तर वरच्या जादा भोकातून लेसचा फास घ्या.

तळाला मधोमध रबर नाही, फोम उघडाच आहे. खडीवर तो कुरतडला जातो. त्यामुळे हे बूट ऑफिसात मिरवायला नकोत! रोजच्या संथ धावेला दुसरी, स्वस्त जोडी ठेवा.