सोलापूरच्या मे महिन्यातले वाद्यवृंद शिबिर

माझी मुलगी यंदा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि विजापूर रस्त्यावरच्या एका शाळेत बारा दिवसांचे वाद्यवृंद शिबिर भरणार असल्याचे पत्रक आमच्या हाती आले. सात वर्षे ती क्लॅरिनेट हे फुंकवाद्य शिकते आहे, पाश्चात्त्य संगीताच्या सहाव्या ग्रेडची परीक्षाही दिली आहे. पण एवढ्या काळात मोबाइलवरच्या साथीच्या ट्रॅकखेरीज तिने कोणाबरोबर वाजवले नव्हते. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आणि बँड म्हटले की वरात, एवढेच लोकांच्या डोळ्यांसमोर येते. त्यामुळे ‘पुढच्या पायरीच्या शालेय वादकांसाठी’ ही पत्रकावरची ओळ वाचून आम्ही फारशी चौकशी न करता सात हजार रुपये भरले. आयोजकांचे नाव येथे देत नाही, कारण तक्रारी मी त्यांच्याकडे लेखी दिल्या आहेत आणि त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.

पहिली तक्रार निवडीची आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या इंटरलॉकेन येथे १९२८ पासून शालेय वादकांचे उन्हाळी शिबिर भरते, आणि कार्नेगी हॉलने २०१३ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदात १६ ते १९ वर्षांची मुले चाचणी घेऊनच निवडली जातात, ही माहिती मुलीने केव्हाच काढून ठेवली होती. तिकडे पाठवणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण निदान वादन ऐकून निवड करण्याची पद्धत तरी येथे असेल असे वाटले होते. आमच्याकडूनही दोन मिनिटांची ध्वनिफीत मागवण्यात आली होती. पहिल्या दिवशी संयोजकांनी मुलीला ‘बेटा, तू काय वाजवतेस?’ असे विचारले, तेव्हा ती फीत कोणी ऐकलेली नाही हे उघड झाले. चौतीस मुलांत सात कीबोर्डवाले होते आणि त्यांतल्या चौघांना नोटेशन वाचता येत नव्हते. ओबो आणि फ्रेंच हॉर्न ही फुंकवाद्ये वाजवणारे कोणीच नसल्याने त्यांची कामे या कीबोर्डांवर ढकलण्यात आली, हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

शिकवणारे मात्र उत्तम होते. पुण्याहून आलेल्या मुख्य शिक्षकांनी पहिल्याच सकाळी सर्वांना बी फ्लॅट वाजवायला सांगितला आणि आमची ग्रेडवाली मुले तोंडघशी पडली. बी फ्लॅट म्हणजे आपली काळी पाच. पण क्लॅरिनेट हे स्वतःच बी फ्लॅटचे वाद्य असल्यामुळे त्यावर कागदावरचा सी वाजवला की काळी पाच ऐकू येते. माझ्या मुलीने क्लॅरिनेटवरचा बी फ्लॅट वाजवला आणि निघाली काळी चार; ऑल्टो सॅक्सोफोनवाल्याचा सूर आणखी तिसरीकडेच. एकट्याने ट्रॅकवर वाजवणाऱ्या मुलांना हा प्रश्न कधी पडतच नाही, कारण त्यांच्यापुढे त्यांच्याच वाद्यासाठी लिहिलेला कागद असतो. त्या गोंधळात मागच्या रांगेतून एकही बटण न दाबता युफोनियम या पितळी फुंकवाद्यावर नेमका सूर लावणारा मुलगा लग्नाच्या बँडवाल्या घरातला होता. त्याला कागद वाचता येत नसल्याने संयोजक प्रवेश देण्यास राजी नव्हते. शिक्षकांनी सूर ऐकला आणि ‘हा येथेच बसेल’ एवढेच म्हणाले.

शिबिराची वेळ सकाळी साडेसहा ते साडेदहा होती आणि पारा बेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या शहरात ती योग्यच होती. तरीही नऊनंतर उन्हाचा परिणाम वाद्यांवर दिसू लागे. हवा तापली की फुंकवाद्यांचा सूर चढतो आणि व्हायोलिनच्या तारा सैल पडून सूर उतरतो, त्यामुळे सकाळी जुळवलेला वृंद दोन तासांत दोन्ही बाजूंनी फाटत जाई. क्लॅरिनेटचे बॅरल, म्हणजे मुखाजवळचा सांधा, किंचित बाहेर ओढून सूर खाली कसा आणायचा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर ओठांनी कसा सांभाळायचा, हे मुलगी येथे शिकली. घरच्या पंख्याखाली हे शिकायची वेळच आली नव्हती. दालनात दोन मोठे कूलर होते. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, तेव्हा कूलर भरायला टँकरचे पाणी आणणाऱ्या शिपाईमामांचे आभार मानले पाहिजेत. पण त्या ओल्या वाऱ्याने व्हायोलिनच्या खुंट्या आवळून बसत आणि स्टँडवरचे कागद दालनभर उडत. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक मुलाने घरून कपड्यांचे चिमटे आणले.

वाजवायला निवडलेली रचना होती गुस्ताव होल्स्ट यांनी १९०९ साली लष्करी बँडसाठी लिहिलेली इ फ्लॅटमधली पहिली सूट, म्हणजे तीन भागांची वाद्यरचना. निवड अगदी नेमकी होती. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोनवादक होते. फुंकणाऱ्याचा दम किती पुरतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. तिचा पहिला भाग तीन-तीन मात्रांच्या आठ खंडांच्या एका धुनेवर उभा आहे. ती आधी युफोनियम आणि त्याहून खर्जातल्या ट्यूबावर येते आणि मग एका वाद्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहते, भोवतीचे संगीत बदलत जाते. शिक्षकांनी मुलांना सांगितले, ‘तबल्याच्या एकलवादनाखाली लेहरा चालतो ना, तसा हा चोवीस मात्रांचा लेहरा समजा, फक्त येथे तो अधूनमधून पुढेही येतो.’ इ फ्लॅट म्हणजे काळी दोन; तो षड्ज धरला तर धुनेचे पहिले तीन स्वर सा, रे, ध असे येतात. युफोनियमवाल्या मुलाने ती धून सरगम म्हणत दोनदा ऐकली आणि तिसऱ्या वेळी वाजवून दाखवली. कागदात डोके घालून बसलेल्या बाकीच्यांना त्यानंतर पहिल्यांदाच कळले, की आपल्या ओळीच्या खाली कोणीतरी काहीतरी वाजवते आहे. माझ्या मते सात हजार रुपये त्या एका सकाळी वसूल झाले.

पुढचे आठ दिवस वाद्यांचे गट करून वेगवेगळ्या वर्गखोल्यांत तालीम होई आणि शेवटचा तास सगळे एकत्र. क्लॅरिनेटच्या गटात पाच मुले होती. श्वास कोणी कुठे घ्यायचा हे पेन्सिलीने लिहून, दोघांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही असे ठरवून, ती लांब ओळी अखंड ठेवायला शिकली. एकत्र तासांत मात्र पुढे बसणाऱ्यांकडेच जास्त लक्ष जात असे आणि तालवाद्याची तीन मुले बराच वेळ नुसती मात्रा मोजत बसत. त्यांच्या पालकांनी पैसे मागे मागितले असते तरी मला नवल वाटले नसते.

समारोपाचा कार्यक्रम सर्वांत निराशाजनक झाला. या सूटचे तिन्ही भाग पहिल्या भागातल्या एकाच स्वरवाक्यावर बेतलेले आहेत, म्हणून ती मध्ये न थांबता सलग वाजवावी अशी विनंती होल्स्ट यांनी स्वतः करून ठेवली आहे. शिक्षकांनी ती मुलांना वाचून दाखवली होती आणि भागांच्या मध्ये वाद्य मांडीवर न ठेवता दुसरा भाग सुरू करण्याची तालीमही घेतली होती. प्रत्यक्षात पहिला भाग संपताच निवेदिकेने माइक घेतला, प्रमुख पाहुण्यांना सोलापुरी चादर आणि श्रीफळ देण्यात आले आणि पाहुणे संगीताचे महत्त्व या विषयावर अठरा मिनिटे बोलले. तोवर मुलांची वाद्ये निवाली, रीड, म्हणजे मुखाशी लावायच्या पातळ पट्ट्या, सुकल्या, आणि दुसऱ्या भागाची सुरुवात क्लॅरिनेटच्या एका किंचाळीने झाली. ती किंचाळी माझ्याच मुलीची होती, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवतो. तिसरा भाग, म्हणजे मार्च, वेळेअभावी वगळला. बारा दिवस सकाळी साडेपाचला उठलेल्या मुलांना स्वतःचा मार्च वाजवता आला नाही, याबद्दल संयोजकांनी एक शब्दही काढला नाही.

मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा जाणार म्हणते आहे आणि मी हरकत घेणार नाही. अकरावीनंतरच्या सुट्टीत बारावीचे क्लास आडवे येतील, तो वाद घरी व्हायचाच आहे. मुलांना पाठवू इच्छिणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी आपल्या वाद्याची किती मुले येणार आहेत ते विचारावे आणि स्वरलिपीचे कागद निदान पंधरा दिवस आधी मागून घ्यावेत. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवाल्यांनी रीडची अख्खी पेटी आधीच मागवून ठेवावी, ऐन वेळी येथे शोधत फिरावे लागते. आणि चिमटे न्यावेत, लाकडी असलेले बरे. प्लास्टिकचे दोन दिवसांत तुटतात.