कोहा: देवघेवीच्या टेबलावरून केलेले परीक्षण

कोहा या ग्रंथालय प्रणालीवर मी गेली काही वर्षे रोज काम करतो आहे. कधी देवघेवीच्या टेबलावर, कधी तालिकीकरणाच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या, संगणकावर, तर अधूनमधून सर्व्हरवरही. या प्रणालीत काय काय सोयी आहेत याची माहिती कुठेही मिळते. कर्मचाऱ्यांचे संगणक तिच्यासाठी कसे तयार करावेत याबद्दल मात्र फार कमी लिहिले जाते, आणि माझ्या अनुभवाने प्रणाली कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडणार की त्यांना नकोशी होणार हे बव्हंशी त्यावरच ठरते. म्हणून हे परीक्षण तेवढ्याच अंगाचे आहे.

कोहा मुळात न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये काटिपो कम्युनिकेशन्सने तयार केली. तिथली जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर तारखा सांभाळू शकणार नव्हती, आणि कोहा जानेवारी २००० मध्ये वापरात आली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. तेव्हापासून ती मुक्तस्रोत आहे आणि दरवर्षी मे व नोव्हेंबर या महिन्यांत तिची नवी आवृत्ती येते. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण असा की टेबलावरच्या संगणकावर काहीच बसवावे लागत नाही. ब्राउझर उघडायचा, कर्मचारी कक्षाचा, म्हणजे कोहाच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या वेबपानांचा, पत्ता टाकायचा आणि प्रवेश करायचा. एखादा संगणक सकाळी बंद पडला तर दुसरा आणून दहा मिनिटांत काम पुढे सुरू करता येते, आणि आवृत्ती बदलते तेव्हा प्रत्येक टेबलापाशी जाऊन ती बदलत बसावे लागत नाही.

या सोयीमुळे एक गैरसमजही होतो. टेबलावर काही बसवायचे नाही म्हणजे टेबलाची मांडणीच करायची नाही, असे अनेकांना वाटते. वास्तविक कोहाचे निर्धारण, म्हणजे सेटिंग, तीन ठिकाणी विभागलेले आहे. सिस्टिम प्रेफरन्सेस, म्हणजे संपूर्ण प्रणालीने कसे वागायचे ते ठरवणाऱ्या निवडी, सर्व्हरवर असतात आणि तिथला बदल सर्व टेबलांना एकाच क्षणी लागू होतो. परवानग्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खात्याला चिकटलेल्या असतात आणि तो ज्या संगणकावर बसेल तिथे त्याच्याबरोबर जातात. छपाई, कळफलक आणि साठवलेले पासवर्ड हे त्या त्या संगणकाच्या ब्राउझरचे आणि कार्यप्रणालीचे. कोणती गोष्ट यांपैकी कुठे राहते हे ज्याला नेमके कळले, त्याला कोहा सोपी जाते.

सर्व्हरवरचे एक उदाहरण सांगतो. कर्मचारी काही वेळ काम न करता बसला तर त्याला आपोआप बाहेर काढणारी 'टाइमआउट' नावाची प्रेफरन्स आहे. तिथे नुसता आकडा लिहिला तर तो सेकंदांत मोजला जातो. दिवस हवे असतील तर आकड्यापुढे रोमन 'डी' जोडावा लागतो. आमच्याकडे कोणीतरी अर्ध्या तासाच्या हेतूने तिथे ३० लिहिले. त्या दिवशी सहायक कपाटातून पुस्तक काढून टेबलाशी परत येईपर्यंत पडद्यावर पुन्हा पासवर्डची चौकट आलेली असे, आणि तालिकीकरणाच्या टेबलावर अर्धी भरलेली मार्क नोंद (ठरावीक साच्यातली पुस्तकाची नोंद) जतन करताना वाया जाई. चूक एका चौकटीतल्या एका आकड्याची होती, पण ती प्रत्येक टेबलावर एकदम पोहोचली. म्हणून मी सिस्टिम प्रेफरन्समधला कोणताही बदल वाचकांची वर्दळ नसताना करतो आणि जुनी किंमत वहीत उतरवून ठेवतो.

परवानग्यांच्या बाबतीत कोहा अतिशय बारकाईने विचार केलेली प्रणाली आहे, आणि इथे मी तिला मनापासून दाद देतो. कर्मचारी कक्षात नुसता प्रवेश मिळण्यासाठी एक स्वतंत्र परवानगी आहे. देवघेव, सभासदांच्या नोंदी, तालिका, अहवाल यांच्या वेगळ्या आहेत. आणि देवघेवीच्या आतही नियम डावलून पुस्तक देण्याची किंवा मर्यादेबाहेर नूतनीकरण करण्याची परवानगी निराळी देता येते. इतकी सोय असूनही अनेक ग्रंथालयांत सर्वांना 'सुपरलायब्ररियन', म्हणजे सगळ्या परवानग्या असलेला कर्मचारी, करून टाकतात, किंवा एकच खाते सगळ्या टेबलांवर दिवसभर उघडे ठेवतात. मग एखाद्या सभासदाचा दंड कोणी माफ केला, एखादी नोंद कोणी पुसली, हे लॉग पाहून शोधायला जावे तर प्रत्येक ओळीसमोर तेच एक नाव असते. वेगवेगळी खाती तयार करायला एक दुपार लागते. ती दुपार वाचवू नये.

काही जण परवानग्यांऐवजी जावास्क्रिप्टच्या प्रेफरन्समध्ये चार ओळी लिहून नको असलेली बटणे पडद्यावरून लपवतात. पडदा मोकळा दिसण्यासाठी हे ठीक आहे आणि मीही ते केले आहे, पण बटण लपले तरी अधिकार शिल्लकच असतो आणि पत्ता माहीत असलेला माणूस त्या पानावर पोहोचतो.

शाखा असलेल्या ग्रंथालयांनी प्रवेशाच्या वेळी निवडलेल्या शाखेकडे विशेष लक्ष द्यावे. कर्मचारी ज्या शाखेच्या नावाने आत आला असेल त्या शाखेत व्यवहार झाला असे कोहा मानते. एका शाखेचा कर्मचारी दुसऱ्या शाखेत बसला आणि वरच्या पट्टीतली शाखा बदलायला विसरला, तर समोर परत आलेले पुस्तक प्रणालीच्या लेखी भलत्याच शाखेत जाऊन बसते. शाखेच्या नोंदीत तिथल्या संगणकांचे आयपी पत्ते लिहून प्रवेश त्या पत्त्यांपुरता मर्यादित करण्याची सोय आहे. पत्ते स्थिर असतील तर ती जरूर वापरावी.

आता खुद्द टेबलावर येऊ. बारकोड स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने एक कळफलकच असतो. तालिकेत मराठी शीर्षक लिहून झाल्यावर कळफलक देवनागरीतच राहिला आणि तसेच पुस्तक स्कॅन केले, तर बारकोडच्या सुरुवातीचे रोमन अक्षर देवनागरी होऊन उमटते आणि कोहा सांगते की असे पुस्तक सापडत नाही. नवा सहायक अशा वेळी स्कॅनरला, पुस्तकाला आणि शेवटी प्रणालीला दोष देतो. आम्ही देवघेवीच्या संगणकांवर देवनागरी कळफलक ठेवलाच नाही, तो फक्त तालिकीकरणाच्या संगणकावर आहे, आणि ही तक्रार पूर्ण थांबली. देवनागरीचाच विषय निघाला म्हणून सांगतो: झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल तर त्याची अनुक्रमणी (शोधासाठीची सूची) सुरुवातीपासून आयसीयू या युनिकोडवर आधारित पद्धतीची करून घ्या. रोमनखेरीज इतर लिप्यांतला शोध नीट चालण्यासाठी ती आवश्यक आहे, आणि नंतर बदलायची म्हटल्यास सगळा साठा पुन्हा अनुक्रमित करावा लागतो.

पावतीची छपाई ही कोहाची सर्वांत कच्ची बाजू. पावतीचा मजकूर प्रणालीत हवा तसा लिहिता येतो, रिकाम्या बारकोड चौकटीत एंटर दाबले की पावती निघावी अशीही प्रेफरन्स आहे, पण प्रत्यक्ष छपाई ब्राउझरच्या हाती असल्याने दर वेळी छपाईची खिडकी पुढे येते. रांगेत माणसे उभी असताना ही एक जास्तीची टिचकी फार जाणवते. फायरफॉक्समध्ये न विचारता छापण्याचे अंतर्गत निर्धारण आहे. ते चालू करून, समास शून्य करून आणि पानाचे शीर्ष व तळटीप काढून टाकल्यावर पावती चटकन आणि नीट निघते. मात्र त्या ब्राउझरमधून छापायला दिलेले सगळेच मग न विचारता त्याच छपाईयंत्राकडे जाते. लांबलचक अहवाल अरुंद पावतीच्या कागदावर उतरू लागतो. त्यासाठी देवघेवीला फायरफॉक्सचे स्वतंत्र प्रोफाइल ठेवावे आणि अहवाल दुसऱ्या ब्राउझरमधून छापावेत. त्या प्रोफाइलमध्ये पासवर्ड आणि भरलेली नावे लक्षात ठेवण्याची सोय बंद करावी, नाहीतर शोधचौकटीत बोट ठेवताच आधीच्या वाचकांची नावे पुढच्या वाचकासमोर उघडी पडतात.

सारे काही ब्राउझरवर अवलंबून असल्याने जोडणी तुटली की टेबल थांबते. आम्ही अशा वेळी दाखल क्रमांक आणि सभासद क्रमांक वहीत लिहून घेतो आणि जोडणी आल्यावर नोंदवतो. परत आलेली पुस्तके जमा करताना परतीची तारीख स्वतः भरण्याची परवानगी देणारी प्रेफरन्स आधीच चालू करून ठेवावी, म्हणजे पुस्तक वेळेवर आणून देणाऱ्या वाचकावर आपल्या अडचणीमुळे विलंबशुल्क लागणार नाही.