व्हीएलसी: प्लेअर झकास, पण कधीकधी उघडतच नाही

स्टुडिओवाल्यानं पेनड्राइव्हवर दिलेला लग्नाचा व्हिडिओ कुठल्याही फॉरमॅटचा असू दे, वेगळे कोडेक (व्हिडिओ उलगडून दाखवणारे छोटे प्रोग्राम) न टाकता तो चालवणारा फुकट प्लेअर म्हणजे व्हीएलसी. जाहिरात नाही, कटकट नाही. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प 2001 पासून मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला.

खोड एकच. विंडोजवर फाइलवर डबलक्लिक करावं आणि काहीच घडू नये! बहुतेक वेळा आधीचा व्हीएलसी नीट बंद झालेला नसतो. खिडकी गेलेली, पण प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, मागे अडकलेली. मूळ सेटिंगनुसार फाइलवरून उघडताना एकच व्हीएलसी वापरला जातो, त्यामुळे नवी फाइल त्या अडकलेल्याच्याच गळ्यात पडते. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, व्हीएलसीवर 'एंड टास्क' करा.

तरी ढिम्म? मग सेटिंगची फाइल बिघडलेली असू शकते. फाइल एक्सप्लोररमध्ये हिडन आयटम्स दाखवा. मग या वाटेनं जा: सी ड्राइव्ह, यूजर्स, आपलं खातं, ॲपडेटा, रोमिंग. तिथल्या व्हीएलसी फोल्डरचं नाव बदला, उडवू नका. पुढच्या वेळी प्लेअर नवा फोल्डर बनवतो. नुसतं अनइन्स्टॉल करून परत टाकलं तर हा फोल्डर बऱ्याचदा तसाच राहतो, म्हणून दुखणंही राहतं.

प्रोजेक्टर काढल्यावर खिडकी पडद्याबाहेर राहिली असेल, तर ऑल्ट-स्पेस, मग एम दाबा आणि बाणाच्या कळांनी ती आत सरकवा.

एवढ्यासाठी कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुरुस्तीला मशीन नेऊन फॉरमॅट मारायची गरज नाही. पाचपैकी साडेचार.