नवा, 'रास्त' की जुनाच? फोन घेण्याआधी

फोन जोडणाऱ्या कामगारांचा विचार मनात असेल, तर ब्रँडपासून सुरुवात करू नका. अमुक कंपनी की तमुक, यात फरक थोडाच; जोडणी बहुतेकदा फॉक्सकॉनसारख्या कंत्राटदारांकडे असते आणि ते अनेकांचा माल बनवतात. २०१० मध्ये चीनमधल्या शेन्झेनच्या फॉक्सकॉनमध्ये कामगारांनी इमारतींवरून उड्या घेतल्या, मग इमारतींना जाळ्या लागल्या. तिथून एकाच ब्रँडचा माल निघत नव्हता.

बड्या ब्रँडच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की बोभाटा झाला की ते हलतात. पण कधी? अॅपलचे टचस्क्रीन बनवणाऱ्या चीनमधल्या सुझोऊच्या विनटेक कारखान्यात टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन हे रसायन आलं, कारण ते पटकन उडतं. काच लवकर सुकते, पाळीत जास्त काचा हातावेगळ्या होतात. हवा खेळती नसलेल्या खोलीत ती वाफ दिवसभर नाकात गेली आणि माणसांचे हातपायच बधिर पडले. १३७ जणांना बाधा झाल्याचं अॅपलने २०११ च्या अहवालात लिहिलं. अॅपलच्या फोनच्या अंतिम जोडणीतून हे रसायन हद्दपार व्हायला २०१४ उजाडलं.

दुसरा पर्याय 'रास्त' फोन म्हणून विकला जाणारा फेअरफोन. हाही चीनमध्येच जोडला जातो, हे आधी सांगितलेलं बरं. पण प्रत्यक्ष पगार आणि नीट जगण्याइतका पगार यातली तफावत कमी करायला कंपनी कामगारांना बोनस देते. फेअरफोन ५ ला आठ वर्षं अपडेटची हमी आहे, बॅटरी घरीच बदलता येते. मात्र बोनस साखळीतल्या सगळ्यांपर्यंत पोचत नाही. आतली चिप नेहमीच्याच साखळीतून येते. कॅमेरा बेताचा, आणि युरोपबाहेर तो मिळवणं जिकिरीचं.

'कुठला' इतकाच 'कधी' हाही प्रश्न आहे, आणि तो फारसा कुणी विचारत नाही. नवं मॉडेल येण्याआधी कारखान्यात हंगाम सुरू होतो: ओव्हरटाइम, हंगामी भरती. चीनच्या नियमानुसार एजन्सीमार्फत घेतलेले असे हंगामी कामगार एकूण कामगारांच्या १० टक्क्यांच्या वर नसावेत. झेंगझोऊच्या फॉक्सकॉन कारखान्यात ही मर्यादा ओलांडल्याचं २०१९ मध्ये अॅपल आणि फॉक्सकॉन दोघांनीही कबूल केलं. त्याआधी २०१७ मध्ये तिथेच शिकाऊ विद्यार्थी नियमापेक्षा जास्त तास राबत असल्याचं उघड झालं होतं. पहिल्या दिवशीच्या रांगेत उभं राहणं म्हणजे या घाईला हातभार.

उरला जुना फोन. माझा कल इकडेच. माझा सहाव्या वर्षात आहे. मध्यंतरी बॅटरी बदलली, कोपऱ्यात तडा आहे, चालतंय. जुना फोन वापरून कारखान्यातल्या कुणाचा पगार वाढत नाही, हे खरं. पण आपल्यासाठी हंगामी पाळीत एक फोन कमी जोडावा लागतो. नीट दुरुस्त केलेला, हमीसह मिळणारा वापरलेला फोनही याच रांगेत बसतो.

फक्त सिक्युरिटी अपडेट किती वर्षं उरलेत ते पाहून घ्या. ते थांबले असतील आणि फोनवरून पैशांचे व्यवहार होत असतील, तर नवा घ्या. तो बाजारात येऊन सहा महिने झालेले असले म्हणजे झालं.